कलम 23 आणि कलम 31: मॅनिटोबात भाषा परत आली, जमीन नाही

1975 साली कॅनडातल्या विनिपेग शहरात जॉर्ज फोरे नावाच्या विमा एजंटला गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल दंडाची पावती मिळाली. पावती फक्त इंग्रजीत होती. फोरे राहायचे सेंट बोनिफेसमध्ये, म्हणजे नदीपलीकडच्या जुन्या फ्रेंच वस्तीत. दंड भरून मोकळं होणं सोपं होतं, पण ते कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा असा होता: मॅनिटोबा प्रांत ज्या कायद्याने जन्माला आला त्या कायद्याने फ्रेंचला इंग्रजीच्या बरोबरीचं स्थान दिलं होतं, आणि 1890 साली प्रांताच्या विधानसभेने ते काढून घेतलं, तो अधिकार तिला होताच कुठे? 13 डिसेंबर 1979 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने फोरे यांचं म्हणणं मान्य केलं. 89 वर्षं अमलात असलेला कायदा अवैध ठरला.

त्याच प्रांतातून 1981 साली दुसरा दावा दाखल झाला. तो लावला मेती समाजाच्या संघटनेने, मॅनिटोबा मेती फेडरेशनने, आणि तो जमिनीचा होता. त्याचा अंतिम निकाल लागायला 8 मार्च 2013 उजाडला.

दोन्ही दाव्यांच्या मुळाशी एकच कायदा आहे: मॅनिटोबा कायदा, 1870. त्याचं कलम 23 भाषेचं आणि कलम 31 जमिनीचं. अभ्यासक बहुधा ही दोन प्रकरणं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. पहिलं राजभाषा-अल्पसंख्याकांचं, दुसरं मूळ रहिवासी समाजांचं. मला हे एकच प्रकरण वाटतं. एकाच समाजाने एकाच वाटाघाटीत मिळवलेला तो एकच शब्द, म्हणजे एकच वचन, होतं. जमिनीचा अर्धा भाग आधी मोडला, म्हणूनच भाषेचा अर्धा भाग मोडणं सोपं गेलं.

नदीला टेकलेले पट्टे

रेड आणि असिनिबॉइन या नद्यांचा संगम होतो तिथे आजचं विनिपेग आहे. 1869 साली तिथल्या वसाहतीत साधारण 12,000 माणसं होती आणि त्यांतली सुमारे 85 टक्के मेती. फरच्या व्यापारासाठी आलेले फ्रेंच आणि स्कॉटिश पुरुष आणि क्री, ओजिब्वे या समाजांतल्या स्त्रिया यांचे हे वंशज. पण मिश्र वंश एवढ्यावर मेतीपण संपत नाही. काही पिढ्यांत त्यांचा स्वतंत्र समाज घडला होता. बायसनच्या मोठ्या सामुदायिक शिकारी, त्या शिकारीचे स्वतःचे नियम आणि निवडलेले कप्तान, लाकडी दोनचाकी गाड्यांचे तांडे, नदीकाठची पॅरिशं, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्त्या. बोलणं कुणाचं फ्रेंच, कुणाचं इंग्रजी, आणि त्याच्या जोडीला क्री आणि सोतो या मूळ रहिवाशांच्या भाषा.

त्यांची जमीन नदीला काटकोनात टेकलेल्या लांबच लांब अरुंद पट्ट्यांत होती. पट्टा नदीपासून मागे दोन मैल जायचा आणि त्याच्याही मागे दोन मैल गवत कापण्याचा हक्क. या रचनेत प्रत्येक घराला पाणी मिळतं, काठची झाडं मिळतात, शेत आणि कुरणही मिळतं, आणि शेजाऱ्याचं घर हाकेच्या अंतरावर राहतं. बऱ्याच जणांकडे कागद नव्हता. वहिवाट होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती.

हा सगळा मुलूख 1670 च्या सनदेने हडसन बे कंपनीच्या नावावर होता. कंपनीने तो तीन लाख पौंडांना कॅनडाकडे सोपवायचं ठरवलं आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. हस्तांतरण पूर्ण होण्याआधीच कॅनडाचे मोजणीदार येऊन चौकोनी गट पाडू लागले. 11 ऑक्टोबर 1869 रोजी पंचवीस वर्षांच्या आतबाहेरचा एक शिकलेला तरुण, लुई रिएल, आणि त्याच्याबरोबरच्या निःशस्त्र मेतींनी एका शेतकऱ्याच्या कुरणात मोजणीच्या साखळीवर पाय ठेवला आणि मोजणी थांबवली. पट्ट्यांच्या मुलखात चौकोन पाडणं म्हणजे काय होणार हे त्यांना पुरतं कळलं होतं.

पुढच्या काही आठवड्यांत मेतींनी अप्पर फोर्ट गॅरी ताब्यात घेतला, ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारने, पाठवलेल्या नियोजित लेफ्टनंट गव्हर्नरला सरहद्दीवरून परत लावलं आणि हंगामी सरकार उभं केलं. 1870 च्या जानेवारीत 40 प्रतिनिधींची परिषद भरली, 20 फ्रेंचभाषक पॅरिशांचे आणि 20 इंग्रजीभाषक पॅरिशांचे. हक्कांच्या याद्या तिथे आणि तिच्या आगेमागे तयार झाल्या. विधिमंडळात आणि न्यायालयांत दोन्ही भाषा चालाव्यात, कायदे दोन्ही भाषांत छापावेत, ही मागणी इंग्रजीभाषक प्रतिनिधींनीही केली होती. पुढे जे शंभर वर्षं 'फ्रेंचांचं खूळ' म्हणून मांडलं गेलं, ती मुळात दोन्ही भाषकांनी एकत्र बसून केलेली मागणी होती. म्हणून मी या तपशिलाला फार महत्त्व देतो.

मार्चमध्ये हंगामी सरकारने टॉमस स्कॉट या कैद्याला गोळ्या घालून ठार केलं. त्या घटनेने ओंटारिओ या इंग्रजीभाषक प्रांतात सुडाची लाट उठली आणि ती रिएलच्या मरणापर्यंत त्याच्या मागे लागली. मात्र वाटाघाटी थांबल्या नाहीत. एप्रिल-मे 1870 मध्ये फादर नोएल-जोसेफ रिशो आणि त्यांचे दोन सहकारी ओटावाला गेले आणि पंतप्रधान जॉन मॅकडोनल्ड आणि त्यांचे मंत्री जॉर्ज-एतिएन कार्तिए यांच्याशी बोलले. प्रांत मिळाला, भाषेचं कलम मिळालं, धार्मिक शाळांचं कलमही मिळालं. जमिनीवर मात्र केंद्र अडून बसलं. जुन्या प्रांतांच्या सरकारी जमिनी त्या त्या प्रांतांच्या होत्या. मॅनिटोबाच्या जमिनी केंद्राने स्वतःकडे ठेवल्या, कारण पश्चिमेकडची वसाहत आणि रेल्वे त्याच जमिनीवर उभी करायची होती. (त्या प्रांताच्या ताब्यात आल्या थेट 1930 मध्ये.) त्याच्या बदल्यात तोड निघाली: मेती कुटुंबांच्या मुलांसाठी 14 लाख एकर.

12 मे 1870 रोजी कायद्याला मंजुरी मिळाली आणि 15 जुलैला प्रांत अस्तित्वात आला.

कलमाच्या शब्दांत काय होतं

कलम 31 चे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. ही जमीन 'अर्ध्या रक्ताच्या' रहिवाशांच्या कुटुंबांच्या हितासाठी राखावी असं त्यात म्हटलं आहे. हा हिणकस शब्द कायद्यातच आहे. उद्देश कुटुंबांचा, कारण समाजाचं: 'इंडियन हक्क' संपवण्याच्या दिशेने. पण जमीन द्यायची ती एकेका मुलाला, वेगवेगळी, आणि कोणत्या रीतीने व कोणत्या अटींवर, ते केंद्र सरकार वेळोवेळी ठरवणार. रिशो यांचा आग्रह होता की वाटप स्थानिक विधिमंडळाच्या हाती असावं. कायद्यात तो उतरला नाही.

हक्क मान्य झाला समाजाचा, तो देताना केला माणसागणिक, आणि वेळापत्रक ठेवलं तिसऱ्याच्या हाती. पुढचं जवळजवळ सगळं या एका ओळीतून निघालं आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये जो सामूहिक वनहक्क मिळाला, तो सुमारे 1,800 हेक्टरांचा दावा ग्रामसभेच्या नावे आहे. या कायद्याने मिळणारा हक्क वारसाने पुढे जातो, पण तो विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. गावात उद्या कुणी कितीही अडचणीत आलं तरी जंगलाचा आपला 'हिस्सा' काढून विकू शकत नाही, कारण हिस्सा पाडलेलाच नाही. 1870 च्या मॅनिटोबात हिस्से पाडले गेले.

पंधरा वर्षांचा घोळ

ऑगस्ट 1870 मध्ये ओटावाने पाठवलेली कर्नल वोल्सलीची फौज पोचली. रिएल पळाला. फौजेतल्या ओंटारिओच्या स्वयंसेवकांनी मेतींवर हात उगारले, काही माणसं जिवानिशी गेली. रिएल पुढे तीनदा खासदार म्हणून निवडून आला आणि एकदाही संसदेत बसू शकला नाही.

जमिनीचं वाटप सुरू व्हायला 1873 उजाडलं. पहिल्या फेरीत आईबापांनाही धरलं होतं म्हणून वाटा पडला प्रत्येकी 140 एकर. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कायदा फक्त मुलांबद्दल बोलतो. फेरी रद्द झाली. दुसऱ्या फेरीत वाटा 190 एकर ठरला, तीही मोडीत निघाली. पात्र मुलांची नवी मोजणी होऊन 5,833 हा आकडा आला आणि वाटा ठरला 240 एकर. 1876 मध्ये सुरू झालेली ही सोडत 1880 पर्यंत चालली. जमीन पॅरिशनिहाय चिठ्ठ्या टाकून द्यायची होती, त्यामुळे एकाच घरातल्या भावंडांचे तुकडे एकमेकांपासून लांब पडू शकत होते. आणि एवढं करून मोजणी चुकलेलीच निघाली: आणखी 993 मुलं पात्र होती. त्यांच्यासाठी जमीन उरली नव्हती. त्यांना 1885 मध्ये प्रत्येकी 240 डॉलरचे कागद देण्यात आले, स्क्रिप नावाचे, जे दाखवून सरकारी जमीन घेता येई. 1876 साली एकरी एक डॉलर भाव होता तेव्हा त्या रकमेत 240 एकर आले असते. 1885 पर्यंत भाव निदान दुप्पट झाला होता.

या दहा-पंधरा वर्षांत ओंटारिओतून वसाहतवाल्यांचे लोंढे आले आणि चांगल्या जमिनी धरून बसले. मेती घरांमध्ये मूल मोठं झालं, लग्न झालं, तरी जमिनीचा पत्ता नाही. जे कधी मिळेल याची खात्री नाही त्याचा हक्क सट्टेबाज रोख पैसे देऊन घ्यायला तयार होते, तेव्हा लोकांनी विकला. किंमत अर्थात पडती. मग गाड्या जुंपून कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिमेकडे निघाली, सस्कॅचेवान नदीकाठी, आणि तिथे त्यांनी पुन्हा नदीला टेकलेले पट्टे धरले. तिथेही चौकोनी मोजणी आली. तिथूनच 1885 चा उठाव झाला. मे महिन्यात बातोशची लढाई मेती हरले आणि 16 नोव्हेंबर 1885 रोजी रिएलला रेजायना इथे फाशी झाली. राहून गेलेल्या 993 जणांच्या स्क्रिपचा हुकूम आणि ही फाशी, दोन्ही एकाच वर्षातली.

बहुमत गेलं आणि मग भाषा गेली

1870 मध्ये मॅनिटोबात फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारे जवळजवळ निम्मेनिम्मे होते. वीस वर्षांत फ्रेंचभाषक दहा टक्क्यांच्याही खाली आले. याचं सगळं खापर कलम 31 वर फोडणं बरोबर होणार नाही. फ्रेंचभाषक क्वेबेकमधून अपेक्षेइतकी माणसं आली नाहीत आणि ओंटारिओतून भरपूर आली, हेही खरं. पण जे फ्रेंचभाषक तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांचा मोठा भाग मेती होता आणि त्यांना गावात टिकवून ठेवणारी गोष्ट जमीनच होती. ती वेळेवर मिळाली असती तर 1890 ची विधानसभा वेगळी दिसली असती असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

1890 मध्ये टॉमस ग्रीनवे यांच्या सरकारने दोन कायदे केले. एकाने कायदे आणि कामकाजाची भाषा फक्त इंग्रजी ठरवली, दुसऱ्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या धार्मिक शाळा बंद केल्या. शाळांवरून देशभर रान पेटलं, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दोनदा दावे गेले आणि 1896 मध्ये तडजोड झाली: शाळेत इंग्रजीव्यतिरिक्त दुसरी भाषा बोलणारी दहा मुलं असतील तर तिथे दुभाषी शिक्षण देता येईल. आपल्याला हा दहाचा आकडा ओळखीचा वाटेल. 1949 मध्ये भारतातल्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं असतील तर मातृभाषेचा शिक्षक द्यावा असं ठरवलं आणि बेळगाव-निपाणीच्या मराठी शाळांपासून अनेक भाषिक अल्पसंख्याकांची मागणी आजवर त्या आकड्यांच्या आधाराने मांडली जाते. डोकी मोजून दिलेला हक्क डोकी बदलली की हलतो. मॅनिटोबात दहाची सवलत पोलिश, युक्रेनियन, जर्मन वस्त्यांनीही वापरली, बहुसंख्याकांना ते खुपलं आणि 1916 मध्ये ती अख्खी रद्द झाली. त्यानंतरची कित्येक वर्षं फ्रेंच गावांतल्या शिक्षिका चोरून फ्रेंच शिकवत. तपासनीस आला की फ्रेंच पुस्तकं दप्तरात, बाकाखाली, आणि फळ्यावर इंग्रजी. 1916 मध्येच फ्रेंचभाषकांनी स्थापन केलेल्या संघटनेने अर्धशतकभर जवळजवळ सावलीतलं शिक्षण खातं चालवलं.

कलम 23 मात्र डोक्यांवर अवलंबून नव्हतं. फ्रेंचभाषक कितीही उरोत, ते राज्यघटनेचा भाग होतं. म्हणूनच ते न्यायालयात पुन्हा पुन्हा जिंकलं, आणि पुन्हा पुन्हा दुर्लक्षिलंही गेलं. 1892 मध्येच सेंट बोनिफेसच्या न्यायाधीशाने 1890 चा भाषा-कायदा बेकायदा ठरवला होता. तो निकाल एका फ्रेंच वर्तमानपत्रात छापून आला. कायद्याच्या निकालसंग्रहात यायला त्याला 1981 उजाडलं. 1909 मध्ये पुन्हा तसाच निकाल. 1976 मध्ये, फोरे यांच्याच प्रकरणात खालच्या न्यायालयाने, तिसऱ्यांदा तेच सांगितलं. त्यावर प्रांताच्या ॲटर्नी जनरलची भूमिका अशी की हा निकाल सरकारला मान्य नाही, आणि सरकार त्यावर अपीलही करणार नाही. अपील न्यायालयातले न्यायमूर्ती मोनॅं यावर संतापले. सत्तेचा इतका उर्मट गैरवापर आपण पाहिला नाही, असं त्यांनी म्हटलं.

1985: सगळेच कायदे अवैध

1979 च्या निकालाने 1890 चा कायदा गेला, पण त्यापाठोपाठ अवघड प्रश्न उभा राहिला. 1890 पासून मॅनिटोबाने केलेले बहुतेक सगळे कायदे फक्त इंग्रजीत होते. मग ते वैध की नाहीत? वेगाने गाडी चालवल्याचं समन्स मिळालेला रॉजे बिलोदो हा कायद्याचा विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन वरपर्यंत गेला.

यातून समंजस वाट काढण्याचा एक प्रयत्न झाला. 1983 मध्ये हॉवर्ड पॉली यांचं प्रांतिक सरकार, केंद्र आणि फ्रेंचभाषकांची संघटना यांचा करार झाला: साडेचार हजारांच्या आसपास असलेले सगळे जुने-नवे कायदे भाषांतरित करण्याऐवजी महत्त्वाचे चारेकशे करायचे, आणि वाचलेल्या श्रमांच्या बदल्यात फ्रेंचभाषकांना सरकारी कचेऱ्यांत आपल्या भाषेत सेवा द्यायची. फ्रेंच समाज हक्काचा मोठा भाग सोडायला तयार होता. कपाटातल्या जुन्या कायद्यांपेक्षा काउंटरवर आपल्या भाषेत बोलणारा माणूस त्यांना हवा होता, आणि मला हा व्यवहार शहाणपणाचा वाटतो. पण बहुसंख्याकांमध्ये भडका उडाला. फ्रेंच संघटनेच्या कचेरीला तर कराराच्या आधीच आग लावली गेली होती. विनिपेग आणि इतर नगरपालिकांनी सार्वमतं घेतली, त्यांत करार मोठ्या फरकाने नाकारला गेला. विधानसभेत विरोधी पक्ष मतदानाची घंटा वाजत असताना सभागृहात येईना, घंटा दिवसचे दिवस वाजत राहिली, आणि फेब्रुवारी 1984 मध्ये सरकारने सत्र संपवून प्रस्ताव सोडून दिला.

मग केंद्राने सर्वोच्च न्यायालयाकडे संदर्भ पाठवला, आपल्याकडे राष्ट्रपती पाठवतात तसा. 13 जून 1985 चा सल्ला एकमुखी होता. फक्त इंग्रजीत केलेले मॅनिटोबाचे सगळे कायदे अवैध आहेत, असं न्यायालयाने सांगितलं. विचार करा: त्या दिवशी प्रांतातली लग्नं, मालमत्ता, नगरपालिका, खुद्द निवडून आलेली विधानसभा, सगळ्यांच्या पायाखालची जमीन गेली असती. प्रांत कायद्याविना राहणं म्हणजे कायद्याच्या राज्याचाच भंग, म्हणून न्यायालयाने हे कायदे भाषांतर, पुनर्मंजुरी आणि छपाई होईपर्यंत, लागेल तेवढ्या किमान मुदतीपुरते, वैध मानले जातील असं ठरवलं. नंतर मुदतीही बांधून दिल्या: चालू कायद्यांना 31 डिसेंबर 1988 आणि बाकीच्यांना 31 डिसेंबर 1990. ज्यांनी चारशे कायद्यांचं भाषांतर नाकारलं होतं त्यांना आता सगळेच करावे लागले.

बिलोदो यांचा खटला मात्र पुढच्या वर्षी फेटाळला गेला. समन्स एका भाषेत असणं कलमाविरुद्ध नाही, असं न्यायालय म्हणालं. कायदे दोन भाषांत हवेत, पण माणसाच्या हातात पडणारा कागद तसा असण्याची सक्ती नाही. 1985 च्या निकालाचं कौतुक करताना हा भाग बहुधा सुटतो. तो सुटू नये. रोजच्या जगण्यातली भाषा शाळेतून परत आली, आणि त्यासाठी 1982 च्या हक्कसनदेचा आधार लागला. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फ्रेंच शाळांचा कारभार फ्रेंच पालकांच्या हाती असायला हवा, आणि 1994 मध्ये प्रांतात स्वतंत्र फ्रेंच शाळा-मंडळ सुरू झालं. बाकाखालची पुस्तकं बाकावर आली.

2013: शब्द मोडला, पण मिळालं काय

मेतींचा दावा खालच्या दोन्ही न्यायालयांत हरला होता. सर्वोच्च न्यायालयात तो सहा विरुद्ध दोन असा जिंकला. बहुमताचा निकाल मुख्य न्यायमूर्ती बेव्हर्ली मॅकलॅक्लिन आणि न्यायमूर्ती काराकात्सानिस यांचा. त्याचा आधार आहे 'राजसत्तेची अब्रू' हे कॅनडाच्या कायद्यातलं तत्त्व: राज्यघटनेत मूळ रहिवासी समाजाला शब्द दिला असेल तर सरकारने तो त्याचा हेतू ओळखून आणि नेटाने पाळला पाहिजे. एखादी चूक झाली म्हणून अब्रू जात नाही. पण चुका आणि बेफिकिरी सतत चालू राहिली आणि त्यामुळे शब्दाचा हेतूच विफल झाला, तर जाते. कलम 31 चा हेतू होता वसाहतवाल्यांचा लोंढा येण्याआधी मेती मुलांना जमिनीत पुढे पाऊल टाकू देणं. दहा वर्षं उशीर म्हणजे तो हेतू संपला. इतका जुना दावा मुदतबाह्य नाही का, या प्रश्नावर बहुमताने सांगितलं की घटनात्मक शब्दाबद्दलच्या अशा घोषणेला मुदतीचा कायदा आड येत नाही.

या निकालातली एक गाठ मात्र मला अजून टोचते. दावा लावण्याचा अधिकार संघटनेला आहे का, हा प्रश्न आला तेव्हा न्यायालय म्हणालं, आहे. हा एकेका माणसाचा दावा नाही, समाजाचा सामूहिक दावा आहे. पण त्याच निकालात, सरकार मेतींच्या जमिनीचं विश्वस्त होतं का, या प्रश्नावर उत्तर नकारार्थी आलं. कारण? मेतींची जमिनीवरची मालकी व्यक्तिगत होती, समाज म्हणून त्यांचा सामूहिक भूमिहक्क सिद्ध झालेला नाही. वारसांनी कोर्टात यायचं ते समाज म्हणून, आणि पूर्वजांची जमीन मात्र सुट्या सुट्या माणसांची. भावंडांचे तुकडे विखुरले, सट्टेबाजांनी हक्क विकत घेतले, या तक्रारींवर स्वतंत्रपणे दाद मिळाली नाही. जिंकला तो उशिराचा मुद्दा. नदीकाठी शेजारी शेजारी राहून जो समाज उभा राहिला होता त्याचं शेजारपण मोडलं, हे नुकसान न्यायालयाच्या तराजूत बसलंच नाही.

आणि मिळाली ती घोषणा. 1985 मध्ये न्यायालयाने तारखा देऊन काम करून घेतलं होतं, कारण कायदा पुन्हा छापता येतो. 14 लाख एकर पुन्हा छापता येत नाहीत. घोषणेच्या जोरावर मात्र वाटाघाटींचं दार उघडलं: 2016 मध्ये चौकटीचा करार, 2021 मध्ये स्वशासनाचा करार, आणि 30 नोव्हेंबर 2024 रोजी विनिपेगमध्ये रेड नदीच्या मेतींचा कॅनडाशी तह. प्रांताने 2023 मध्ये कायदा करून लुई रिएलला मॅनिटोबाचा पहिला प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, असा मानाचा किताब दिला.

जी भाषा यादीत नव्हतीच

1870 च्या कायद्यात दोन भाषा होत्या, दोन्ही युरोपातून आलेल्या. क्री आणि सोतो वसाहतीत सर्रास बोलल्या जात, त्यांचा उल्लेख नाही. मिशिफचाही नाही. मिशिफ ही मेतींची स्वतःची भाषा आणि तिची घडण जगात दुर्मीळ आहे: क्रियापदं क्रीची, त्यांच्या सगळ्या गुंतागुंतीच्या प्रत्ययांसकट, आणि नामं फ्रेंचची, त्यांच्या लिंगभेदासकट. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या लोकांनीच ती घडवली असणार, मोडकंतोडकं बोलून अशी भाषा तयार होत नाही. आज ती बोलणारे फार थोडे उरलेत आणि बहुतेक वयस्कर. 2019 च्या केंद्रीय कायद्याने मूळ रहिवाशांच्या भाषांना हक्काची मान्यता दिली, पण मिशिफमध्ये छापला नाही म्हणून मॅनिटोबाचा कुठला कायदा अवैध ठरणार नाही. फोरे यांच्या विजयाचा आनंद मी मनापासून मानतो. तरी सेंट बोनिफेसच्या मेती आजीला आपल्या नातवाशी ज्या भाषेत बोलायचं असेल ती भाषा त्या विजयात नव्हती.

विनिपेगचा नकाशा उघडून पाहिला तर बराचसा भाग चौकोनी दिसतो. पण सेंट बोनिफेस, सेंट व्हायटल, सेंट नॉर्बर्ट इथे, नदीच्या दोन्ही काठांवर, रस्ते अचानक तिरके होतात आणि पाण्याच्या दिशेने लांब, समांतर धावू लागतात. ते जुने पट्टे आहेत. शहर दक्षिणेला संपतं तिथून पुढच्या नगरपालिकेचं नाव रिशो आहे, आणि सेंट बोनिफेसच्या कॅथेड्रलच्या अंगणात रिएलची समाधी आहे. रस्त्यांच्या पाट्यांवर तिथे फ्रेंचही लिहिलेलं असतं.